अबोला आणि विषाद : राजकीय मतभेदांचे घरातील रूप

१. शब्दांचा विचार

बोलणे बंद होण्याच्या अवस्थेला मराठीत ‘अबोला’ असे स्वतंत्र नाम आहे. हे नाम ज्या क्रियापदांच्या संगतीत येते ती लक्षणीय आहेत. अबोला धरला जातो आणि सोडला जातो. म्हणजेच तो शब्दांचा नुसता अभाव नसून हेतुपूर्वक केलेला व्यवहार आहे. आणखी एक विशेष असा की, परक्या माणसाशी न बोलण्याला कोणी अबोला म्हणत नाही. जिथे बोलण्याचा हक्क आणि सवय दोन्ही आहेत, अशा भाऊबंद, नवराबायको, जावा-नणंदा, जिवलग मित्र यांच्यामध्येच अबोला संभवतो. तो नाते तोडत नाही. नाते तसेच ठेवून त्यातील वाणी तेवढी काढून घेतो.

राजकीय मतभेदांमुळे आप्तमित्रांत दुरावा येतो आणि त्या दुराव्याचा परिणाम माणसाच्या मनःस्वास्थ्यावर होतो, हे आज सर्वत्र बोलले जाते. परंतु त्यात नेमके काय घडते याचा विचार क्वचितच होतो. मतभेदानेच मन खचते असे मानले, तर राजकारणाविषयी घरात न बोलणे हाच उपाय ठरेल. मराठी वाङ्मय आणि चरित्रे यांची साक्ष वेगळी आहे. मन खचते ते मतांच्या विरोधाने नव्हे, तर त्या विरोधापाठोपाठ येणाऱ्या धिक्काराने आणि अबोल्याने, असे त्यांतून दिसते. प्रस्तुत विवेचनाचा हाच विषय आहे.

येथे ‘विषाद’ या शब्दाची मर्यादा सांगितली पाहिजे. भांडणानंतर दोन दिवस मन उदास राहणे हा रोग नव्हे. वैद्यकशास्त्र ज्याला डिप्रेशन म्हणते, त्यात खिन्नता किंवा कशातच रस न वाटणे ही अवस्था किमान दोन आठवडे जवळजवळ दिवसभर टिकते. तिच्या जोडीला झोप व भूक बिघडणे, थकवा, एकाग्रतेचा नाश, आपण निरुपयोगी आहोत ही भावना आणि कधी जीवन नकोसे होणे ही लक्षणे येतात. २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सुमारे दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात केव्हातरी या विकाराने गाठलेले असते. हा विकार उपचारसाध्य आहे. तो केवळ एका भांडणातून उद्भवत नाही. आनुवंशिकता, शरीरप्रकृती, दारिद्र्य, बालपणीचे आघात अशी अनेक कारणे एकत्र येतात. आप्तांशी झालेला बिघाड हे त्यांपैकी एक कारण होय.

२. अर्जुनाची लक्षणे

भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाला ‘अर्जुनविषादयोग’ म्हणतात. भारतीय वाङ्मयात विषाद हा शब्द ज्या प्रसंगाशी कायमचा जोडला गेला तो प्रसंग मुळात राज्याच्या वाट्यावरून आप्तांत पडलेल्या फुटीचा आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. अर्जुन युद्धाला भ्यालेला नाही. तो पूर्वी अनेकदा लढला आहे. दोन्ही सैन्यांच्या मधोमध रथ उभा राहिल्यावर समोर आजोबा, गुरू, मामा, भाऊ आणि मित्र दिसतात, तेव्हा त्याचे अवयव शिथिल होतात, तोंडाला कोरड पडते, शरीर कापते, त्वचेचा दाह होतो, धनुष्य हातातून गळते आणि मन भ्रमते. ही यादी कवीने शरीरापासून सुरू करून मनापर्यंत नेली आहे. आजचा वैद्यही रुग्णाची हकीकत बहुधा याच क्रमाने ऐकतो. दुःखाची तक्रार घेऊन येणाऱ्यांपेक्षा अंगदुखी, निद्रानाश आणि थकवा यांची तक्रार घेऊन येणारेच आपल्याकडे अधिक असतात.

त्यानंतर जे घडते तेही महत्त्वाचे आहे. अर्जुन रथात खाली बसतो, पण एकटा राहत नाही. सारथी हा त्याचा सखा आहे. तो त्याला प्रारंभी बोचरे शब्द ऐकवतो, परंतु सोडून जात नाही, आणि पुढचे सतरा अध्याय संवाद चालतो. गीतेच्या तत्त्वज्ञानाचे अर्थ ज्ञानेश्वरांपासून (ज्ञानेश्वरी, १२९०) लोकमान्य टिळकांपर्यंत (गीतारहस्य, १९१५) निरनिराळे लावले गेले. तथापि ज्या आकृतिबंधात ते तत्त्वज्ञान बसवले आहे तो सर्वांना समानच मिळाला. आप्तांच्या फुटीतून आलेल्या विषादावर तेथे योजलेला पहिला उपाय म्हणजे न संपणारे बोलणे होय.

३. आगरकर आणि टिळक

आधुनिक महाराष्ट्रात राजकीय मतभेदाने मैत्री दुभंगल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांचे आहे. दोघांचा जन्म १८५६ च्या जुलै महिन्यातला. डेक्कन कॉलेजातील सहवासात त्यांनी सरकारी नोकरी न करता शिक्षणाला आयुष्य वाहण्याचा निश्चय केला. न्यू इंग्लिश स्कूल (१८८०), ‘केसरी’ आणि ‘मराठा’ (१८८१), डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४) आणि फर्ग्युसन कॉलेज (१८८५) ही त्या निश्चयाची फळे. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली दोघांना एकदमच डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. पुढल्याच वर्षी त्यांचे ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’चे भाषांतर प्रसिद्ध झाले. घराणे, राज्य आणि खिन्नता यांची गाठ पडलेल्या त्या नाटकाचा मराठी अनुवादक पुढे स्वतःच मित्रभंगाच्या अनुभवातून जावा, हा योगायोग अभ्यासकांच्या ध्यानात राहण्यासारखा आहे.

सामाजिक सुधारणा आधी की राजकीय हक्क आधी, या प्रश्नाने दोघांना वेगळे केले. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’चे संपादकत्व सोडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. संस्थेच्या कारभारावरून वाद वाढत जाऊन टिळकांनी १८९० च्या अखेरीस सोसायटीचा सविस्तर राजीनामा दिला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी दोघे उघड विरुद्ध पक्षांत उभे होते. या वर्षांतील दोन्ही पत्रांचे लेखन वाचले तर असे आढळते की, जी धार अनोळखी प्रतिपक्षाला कधी लागली नसती ती एकेकाळच्या मित्रासाठी राखून ठेवलेली होती. ज्याला आपले मर्म ठाऊक असते त्याचाच शब्द मर्मी लागतो. त्याच सुमारास पुण्यातील सनातन्यांनी आगरकरांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, दीर्घकाळच्या दम्याने थकलेल्या आगरकरांचा मृत्यू झाला. ‘केसरी’तला मृत्युलेख सिद्ध करताना टिळकांना अश्रू आवरले नाहीत, अशी आठवण चरित्रांतून सांगितली जाते.

आगरकरांना किंवा टिळकांना विषादाचा रोग होता, असे कागदपत्रांवरून ठरवणे गैर होईल. अखेरपर्यंत काम करीत राहिलेली ही माणसे होती. येथे त्यांचे उदाहरण निदानासाठी नव्हे तर दुराव्याची रचना समजून घेण्यासाठी घेतले आहे. त्या रचनेत तीन गोष्टी स्पष्ट आहेत. एक, मतभेद वर्षानुवर्षे असूनही जोवर काम सामाईक होते तोवर मैत्री टिकली. तुरुंगातही त्यांचे वाद चालतच होते. दोन, सामाईक काम सुटले तेव्हा मतभेदाला दुसरे काही तोलून धरणारे उरले नाही. तीन, मृत्यूपूर्वी जे बोलायचे राहिले ते मृत्युलेखात बोलावे लागले. विश्राम बेडेकरांना या मैत्रीवर ‘टिळक आणि आगरकर’ हे नाटक लिहावेसे वाटले, याचे कारण या तिसऱ्या गोष्टीत असावे. मराठी वाचकाला या दोघांपैकी कोणाचा पक्ष बरोबर होता यापेक्षा त्यांचे बोलणे तुटले याची चुटपुट अधिक लागून राहिलेली आहे.

४. जिवंत माणसाचा शोक

स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या अशा शोकाचे सर्वांत प्रांजळ चित्रण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४–३६) आहे. तेथील मतभेद धर्माचा होता, पक्षाचा नव्हे. परंतु त्या काळी धर्मांतर म्हणजे सार्वजनिक निष्ठेत बदल करणेच होते, म्हणून ते उदाहरण या विषयाच्या अगदी जवळचे ठरते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या माहेरी व सासरी मृत्यूचा आकांत झाला. गेलेला माणूस मात्र जिवंत होता. विधवेच्या दुःखाला समाजाने, कितीही क्रूर असले तरी, एक रूप दिलेले होते. लक्ष्मीबाईंच्या दुःखाला कोणतेच रूप नव्हते. त्यांना सुतक धरता येत नव्हते आणि संसारही करता येत नव्हता.

काही वर्षे आप्तांच्या आश्रयाने काढल्यावर त्या पतीकडे आल्या, त्या मत बदलले म्हणून नव्हे. आरंभी त्यांनी आपले सोवळे आणि चूल वेगळी ठेवली. एकाच छपराखाली दोन श्रद्धा नांदू लागल्या. स्वतःच्या विचाराने, एकेक पाऊल टाकीत, त्या १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. हा क्रम मननीय आहे. आधी सहवास जुळला आणि एकमत त्यानंतर आले. एकमत झाल्यावर बोलू असे ठरवले असते, तर ती दोघे बहुधा कधीच बोलली नसती.

५. मानसशास्त्राचा पुरावा

फ्रॉइडने १९१७ च्या आपल्या निबंधात शोक आणि विषाद यांत भेद केला. शोकात जग रिते होते, विषादात स्वतःचे मनच रिते होते. प्रिय व्यक्ती मरण पावलेली नसली, केवळ प्रेमविषय म्हणून हरवलेली असली, तरी विषाद उद्भवू शकतो, आणि तिच्यावरचा राग आतल्या आत वळून आत्मनिंदेचे रूप घेतो, असे त्याचे म्हणणे होते. फ्रॉइडचा सर्व सिद्धान्त आज मान्य नाही. परंतु भावाशी राजकारणावरून बिनसल्यावर ‘माझेच काही चुकले असेल’ या विचाराने रात्री जागणारा माणूस या वर्णनात ओळखू येतो. अमेरिकी संशोधिका पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकापासून संदिग्ध वियोगाची संकल्पना मांडली. माणूस शरीराने आहे पण मनाने दुरावला आहे, किंवा याउलट, अशा स्थितीत शोक पुरा होत नाही, असे त्या सांगतात. लक्ष्मीबाईंनी हीच गोष्ट अनुभवाने लिहून ठेवली होती.

प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेला पुरावा अधिक नेमका आहे. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. आयुष्यात मोठे संकट कोसळलेल्या स्त्रियांपैकी ज्यांना मन मोकळे करण्यास जवळचे कोणी नव्हते, त्यांना विषादाने अधिक प्रमाणात ग्रासले असे त्यांना आढळले. क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी १९७६ मध्ये दाखवले की, बरे होऊन घरी परतलेल्या विषादाच्या रुग्णांत, ज्यांचे जवळचे माणूस त्यांच्याविषयी टीकेच्या सुरात बोलत असे, त्यांचा विकार उलटण्याची शक्यता जास्त असते. यात सूर महत्त्वाचा मानला आहे. ‘मला तुझे मत पटत नाही’ आणि ‘तुझ्यासारख्या माणसाचे मत असेच असणार’ या दोन वाक्यांतील अंतर एवढेच, की पहिले मताविषयी आहे आणि दुसरे माणसाविषयी.

राजकारणापुरते बोलायचे, तर अमेरिकेत २०१७ मध्ये सुमारे ८०० प्रौढांच्या पाहणीत दर पाच जणांपैकी एकाने राजकीय मतभेदांमुळे मैत्रीला इजा पोहोचल्याचे सांगितले. मात्र अशा पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, कारण येथे दोन्ही दिशांनी वाहतूक असते. विषादाने ग्रासलेल्या मनाला साधा मतभेदही झिडकारल्यासारखा वाटतो. असा माणूस बोलणे टाळतो, त्याच्या टाळण्याचा अर्थ समोरचा अहंकार असा लावतो आणि दुरावा वाढतो. म्हणून घरातले कोणी अकस्मात चिडखोर किंवा अबोल झाले, तर त्याच्या मतांचा समाचार घेण्यापूर्वी त्याची झोप आणि जेवण यांची चौकशी करणे शहाणपणाचे होय.

६. रामकृष्णपुरमचे घर

या पार्श्वभूमीवर दिल्लीतील रामकृष्णपुरमचा विचार उद्बोधक ठरतो. रामकृष्ण परमहंसांच्या नावाची आणि सर्वत्र ‘आर. के. पुरम’ म्हणून ओळखली जाणारी ही वसाहत नैर्ऋत्य दिल्लीत, मुख्यत्वे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी उभारली गेली. तिचे विभाग नावांनी नव्हे तर सेक्टरांच्या आकड्यांनी ओळखले जातात. क्वार्टर कोणते मिळणार हे पगाराच्या श्रेणीवर ठरते. येथे तमिळ भाषकांनी मलै मंदिर आणि दिल्ली तमिळ संगम् उभे केले. मराठी संस्थांचे जुने केंद्र मात्र दूर पहाडगंजात आहे. तेव्हा बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबाचे शेजारी बहुधा कचेरीतले सहकारी असतात आणि मनातले मराठीत बोलण्याची माणसे घराबाहेर सहज भेटत नाहीत.

या वसाहतीतील घरावर राजकारणाचा एक विशेष भार आहे. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतील पाचव्या नियमानुसार सरकारी कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचे सदस्य होता येत नाही. मत देता येते, पण ते कोणाला दिले किंवा देणार याचा सुगावा लागू देता येत नाही. इतकेच नव्हे, तर कायद्याने प्रस्थापित शासन उलथू पाहणाऱ्या चळवळीत कुटुंबातील कोणी भाग घेऊ नये यासाठी त्याने प्रयत्न करावा, आणि तो निष्फळ ठरल्यास शासनाला कळवावे, असेही हा नियम सांगतो. प्रशासनाच्या निःपक्षपातासाठी अशा बंधनांची गरज असेल. परंतु त्यांचा एक परिणाम असा, की या नोकरदाराला राजकारणाविषयी मोकळेपणी बोलण्यास घर आणि जुने मित्र एवढेच स्थान उरते. जे इतर नागरिकांत सभा, मोर्चा, चहाचे दुकान यांत वाटले जाते ते येथे एका जेवणाच्या टेबलावर येऊन पडते. तेथेही अबोला आला, तर त्याला दुसरा दरवाजा नसतो.

आणीबाणीच्या काळात (२५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७) ही अवस्था सर्वांत बिकट झाली. शहा आयोगाच्या आकड्यांनुसार त्या काळात मिसा आणि भारत संरक्षण नियम यांखाली मिळून १,१०,८०६ माणसांना अटक झाली. अटक झालेल्यांत सर्व थरांतील आणि अनेक पक्षांचे लोक होते. ज्या घरातील एक भाऊ दिल्लीत सरकारी कचेरीत आणि दुसरा येरवड्यात किंवा नाशिक रोडच्या कारागृहात असेल, त्या घरातील मौन मतभेदाचे की भीतीचे, हे आत राहणाऱ्यांनाही सांगणे अवघड झाले असेल. धाकट्याला वाटणार, थोरल्याने मला टाकले. थोरल्याला वाटणार, धाकट्याने घराचा विचार केला नाही. दोघांचेही खरे, आणि पत्र लिहावे तर ते दुसरे कोणी वाचणार. अशा मौनाचे ओझे पुढील पिढीपर्यंत पोहोचते.

आज पत्राची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे. पुणे, नागपूर, दिल्ली आणि परदेश येथे विखुरलेले कुटुंब व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात दिवसभर एकत्र असते. त्यामुळे बोलणे वाढले, परंतु आवाज आणि चेहरा वजा झाले. समोर बसलेला भाऊ दुखावला तर त्याच्या हातातला पेला थबकतो आणि बोलणारा सावरतो. पडद्यावरच्या वाक्याला हे सावरणे उपलब्ध नसते. शिवाय पाणउतारा तीस नातेवाइकांच्या साक्षीने होतो. गट सोडून जाणे हे आजच्या अबोल्याचे रूप आहे आणि २०२२ पर्यंत त्याची सूचनाही गटातील सर्वांना दिसत असे.

७. मौनाचा सल्ला आणि त्याची मर्यादा

यावर ‘घरात राजकारण नको’ हा सल्ला सर्रास दिला जातो. काही प्रसंगी, विशेषतः घरात कोणी विषादाने आजारी असता, तो योग्यही आहे. परंतु तो सर्वांना सारखा लागू पडत नाही. ज्याच्या दृष्टीने राजकारण म्हणजे करमणुकीचा वाद आहे त्याला गप्प राहण्यास काहीच पडत नाही. ज्याच्या जातीचा, स्त्री असल्याचा किंवा धर्माचा मान त्या वादात पणाला लागलेला असतो, त्याला गप्प बसवणे म्हणजे त्याला स्वतःच्याच घरात पाहुणा करणे होय. आगरकरांनी विधवांच्या केशवपनाविषयी मौन धरले असते तर कदाचित मैत्री टिकली असती, पण ती किंमत त्यांनी नव्हे, विधवांनी दिली असती. म्हणून मतभेद मिटवणे हे मनःस्वास्थ्याचे साधन मानता येत नाही. मतभेद राहूनही बोलणे चालू ठेवणे, हेच काय ते साधन.

त्यासाठी आपल्या संस्कृतीने काही सोयी करून ठेवल्या आहेत. वर्षभर धरलेला अबोला सोडण्यासाठी मराठी माणसाला संक्रांत दिलेली आहे. तिळगूळ देताना वादाचा निकाल लागत नाही, कोण चुकले हे कोणी विचारत नाही आणि कोणाला हार मानावी लागत नाही. हातावर चार दाणे ठेवले की बोलणे सुरू होते. दसऱ्याचे सोने आणि भाऊबीजेचे ताट यांचेही कार्य तेच. या रीतींचे मर्म असे की, त्या एकमताची अट घालत नाहीत. मात्र त्यांना प्रत्यक्ष भेट लागते, आणि रामकृष्णपुरममधल्या माणसाला नेमकी तीच दुर्मीळ असते. तिची जागा दूरध्वनीवरच्या आवाजाने, कितीही अपुरी असली तरी, भरून काढावी लागते.

अबोला धरायला दोघे लागतात, सोडायला एकजण पुरतो. जिथे विषाद रोगाच्या पातळीला पोहोचला आहे तिथे वैद्याचे साहाय्य अवश्य घेतले पाहिजे. आप्तांचे प्रेम हा औषधाला पर्याय नव्हे. परंतु औषध घेणाऱ्याच्या घरात त्याच्याशी कोणत्या सुरात बोलले जाते, यावर त्याचे बरे होणे काही अंशी अवलंबून राहते. टिळकांनी आगरकरांविषयी जे अखेर लिहिले ते वाचण्यास आगरकर नव्हते. ज्यांचे भाऊ, बहिणी आणि मित्र अजून हयात आहेत, त्यांना ते बोलण्यासाठी मृत्युलेखाची वाट पाहण्याचे कारण नाही.